कोचीचा निळा आणि आमचे मलकापूर

पुण्याहून कोल्हापूरकडे निघालेल्या माणसाला आमचे मलकापूर दिसते ते गाडीच्या खिडकीतून, आणि तेही पळते. कोयनेचा पूल ओलांडला, कऱ्हाडचा कोल्हापूर नाका मागे पडला, की तो जांभई देत शेजाऱ्याला विचारतो, ‘कऱ्हाड गेलं का हो?’ कऱ्हाड गेलेले असते आणि मलकापूर चाललेले असते. पण त्याची दाद त्याला नसते. कऱ्हाड कोठे संपते आणि मलकापूर कोठे सुरू होते, हे पोस्टमनखेरीज कोणाला नक्की सांगता यायचे नाही.

तरीही गावाची म्हणून काही मिरास आहे. पाठीशी आगाशिवाचा डोंगर आहे आणि त्याच्या पोटात पन्नासांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. नळाला चोवीस तास पाणी देण्याची आणि घरोघर मीटर बसवण्याची आमची योजना तर इतकी गाजली, की दूरदूरच्या गावांचे कारभारी ती पाहायला येऊन गेले. पण मलकापूरची खरी ओळख पटते ती घरांच्या बाहेरून वर गेलेल्या जिन्यांवरून. १९८४ साली येथे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि हळूहळू गावाला वरचा मजला फुटू लागला. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका होऊ पाहणारी शेकडो मुले-मुली येथे खोल्या घेऊन राहतात. ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी आमच्या गल्लीत तुळशीवृंदावनाइतकीच नित्याची.

या खोल्या देताना घरमालकिणी जी तोंडी परीक्षा घेतात, तिच्यापुढे विद्यापीठाच्या परीक्षा म्हणजे पोरखेळ! गाव कोणते, आडनाव काय, वडील काय करतात, जेवणाची सोय कोठे. आणि शेवटचा, आवाज जरा खाली आणून विचारलेला प्रश्न, ‘मैत्रिणी-बित्रिणी येणार नाहीत ना?’ मित्रांविषयी मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. दोन मुलगे एका खोलीत राहिले, एका ताटात जेवले, तर घरमालकीण कौतुकाने म्हणते, ‘भावासारखे राहतात हो!’

म्हणूनच सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी मला नेहमी आमच्याच गल्लीत घडल्यासारखी वाटते. विशीतल्या लेखकाची ही कादंबरी २००६ साली प्रसिद्ध झाली. पुण्यातले एक साधे मराठी कुटुंब घरातली खोली एका तरुण चित्रकाराला भाड्याने देते. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि मुलगी अनुजाही. पुढे तो अनुजाला घेऊन निघून जातो आणि काही महिन्यांनी तिलाही सोडून नाहीसा होतो. कादंबरीचा पहिला भाग भाऊ सांगतो, दुसरा बहीण. एकाच माणसामुळे झालेली दोन दुःखे एकाच छपराखाली, एकमेकांना न सांगता नांदतात. पाहुण्याला नाव नाही. पण ते घर आपण ओळखतो. त्या घरात मुलीच्या दुःखाला निदान बोभाट्याची तरी जागा आहे. मुलाच्या दुःखाला तीही नाही, कारण त्याच्यावर काही कोसळले आहे याची कोणाला शंकाही येत नाही.

मराठीला हा विषय अगदीच नवा होता असे नाही. तेंडुलकरांची ‘मित्राची गोष्ट’ १९८१ सालीच रंगभूमीवर आली होती. पण ‘कोबाल्ट ब्लू’ने हे प्रेम आपल्या जिन्यावर आणून उभे केले. २०१३ साली जेरी पिंटो यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि ती देशोदेशी गेली. मग तिच्यावर चित्रपट होणार, आणि पटकथा खुद्द लेखकाचीच, अशी वार्ता आली, तेव्हा आमच्या चार वाचनवेड्यांच्या कट्ट्यावर जो आनंद झाला तो काय सांगावा! डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर येणार म्हणून आम्ही वाट पाहिली, तो लांबला. अखेर २ एप्रिल २०२२ ही तारीख ठरली, आणि ती नेमकी गुढीपाडव्याची! शुभशकुन म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

सकाळी गुढी उभारली, दुपारी श्रीखंड-पुरी झाली आणि संध्याकाळी आमच्या बैठकीत मंडळी जमली. वरच्या खोलीत राहणारी दोन मुलेही खाली आली. दिवे मालवले, पडदा उजळला, आणि समोर आले ते कोची!

हो, केरळातले कोची. जुन्या वळणाची प्रशस्त घरे, ओलसर हिरवी झाडे, समुद्र, भिंतींवरून ओघळणारा निळा प्रकाश. पाहत राहावे असे सारे. तनय आणि अनुजा ही नावे तेवढी उरली होती; पण ती बोलत होती हिंदी आणि इंग्रजी. तनयचे काम करणारा नीलय मेहेंदळे हा तरुण नट गुणी आहे, आणि त्याच्या डोळ्यांतले एकटेपण खरे आहे. पण अनुजाचा आवाज मागे पडला होता. दोन काठांतून वाहणारी कथा एका काठाने वाहू लागली होती. चित्रपट संपला तेव्हा आमची सौभाग्यवती म्हणाली, ‘कोची छान दाखवलं आहे हो. एकदा जायला हवं.’ यापेक्षा कठोर समीक्षा मी आजवर वाचलेली नाही.

कादंबरीचा चित्रपट होताना बदल व्हायचेच. आंब्याचे लोणचे झाले म्हणून आंब्याने रडू नये. लेखकाने आपली कथा कोठे न्यावी हा त्याचा अधिकार आहे, आणि कोचीतही माणसेच राहतात. माझी निराशा वेगळी होती. पुस्तकात हे प्रेम अवघड होते, कारण ते चहाच्या कपांच्या, वर्तमानपत्राच्या आणि शेजाऱ्यांच्या गराड्यात, आपल्याच भाषेत घडत होते. पडद्यावर ते इतक्या सुंदर आणि इतक्या परक्या ठिकाणी नेले, की पाहणाऱ्याला कसलीच अडचण राहिली नाही. दूरची गोष्ट दूरच्या माणसांची म्हणून पाहिली, सुस्कारा टाकला आणि दिवे लावले!

वरच्या मुलांपैकी एक कपबशा उचलायला मागे थांबला होता. एरवी अबोल. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो म्हणाला, ‘सर, एक विचारू? हे असं फक्त कोचीतच होतं का हो?’

मी त्याला कपाटातली कादंबरी काढून दिली. यापलीकडे त्याने काही सांगितले नाही आणि मीही काही विचारले नाही. पण त्या रात्री मला झोप लागेना. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ ची धार बोथट केली; दोन सज्ञान माणसांचे संमतीचे प्रेम गुन्हा राहिले नाही. तो निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रातून मलकापूरलाही पोचला. पण निकालाने माणसाला एवढेच कळते, की आता आपल्याला पोलीस धरणार नाही. आपल्यासारखे कोणी आपल्याच गल्लीत, आपल्याच बोलीत जगले आहे, हे कळायला गोष्ट लागते. त्या मुलाने पाडव्याच्या दिवशी तीच तर शोधली होती.

पुढच्या रविवारी मी प्रीतिसंगमावर गेलो. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एक होऊन पूर्वेला वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तेथेच आहे. संध्याकाळी सारे गाव भेळ खायला आणि वारा प्यायला तिकडे लोटते. घाटाच्या पायरीवर बसलो असताना मनात आले, कृष्णा ती आणि कोयनाही ती! दोन नद्या उराउरी भेटतात आणि त्या भेटीला आपल्या पूर्वजांनी ‘प्रीती’ हेच नाव दिले. ना लाजले, ना त्याच्यासाठी परमुलखातले पाणी शोधायला गेले. मी व्याकरण शिकवणारा माणूस, म्हणून मला लिंगविचार सुचला असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे!

त्यानंतर तीन वर्षांनी, रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आला. २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रांच्या विभागातले सर्वोच्च पारितोषिक या मराठी चित्रपटाने मिळवले, आणि १९ सप्टेंबरला तो आपल्याकडे लागला. पुण्याला जाऊन मी तो पाहिला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी शहरातला आनंद गावी येतो, आणि बाळ्या नावाचा त्याचा जुना मित्र त्याला पुन्हा भेटतो. भाऊबंद ‘लग्न कधी?’ म्हणून भंडावतात. आई सारे जाणते आणि त्याच्या बाजूने उभी राहते. समुद्र नाही, निळा उजेड नाही. शेत, शेळ्या, चूल, आणि काटे काढून हातावर ठेवलेले निवडुंगाचे लाल फळ. पाहता पाहता पाडव्याच्या निराशेचा उलगडा झाला. मी कोचीवर रागावलो नव्हतो. मी हे गाव शोधत होतो.

वरचा मुलगा शिक्षण संपवून केव्हाच दुसऱ्या शहरी नोकरीला लागला आहे. त्याचा फोन आला. ‘सर, साबर बोंडं पाहिला. आईला घेऊन गेलो होतो.’

‘मग? काय म्हणाल्या?’

‘काही नाही. घरी येईपर्यंत काही बोलली नाही. जेवताना म्हणाली, त्या पोराची आई शहाणी होती.’

कादंबरी अजून त्याच्याकडेच आहे. मी परत मागितलेली नाही. वरच्या खोलीत आता दुसरी दोन मुले आली आहेत. वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरच्या अंबाबाईला निघालात, तर कोयनेचा पूल ओलांडल्यावर डुलकी घेऊ नका. घटकाभर उतरा, आगाशिव चढा, प्रीतिसंगमावर भेळ खा, आणि आमच्या गल्लीतून एक फेरी मारा. प्रत्येक घराला बाहेरून एक जिना दिसेल आणि वर खिडकीत दिवा. त्या दिव्यांखाली कोणकोणत्या गोष्टी जागत बसल्या आहेत, हे खालच्या मजल्यावरच्या आम्हा मंडळींना अजून पुरते ठाऊक नाही.