डबी कोणीं बिघडविली?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या कन्येच्या इअरबडांची डबी एके दिवशीं चार्ज होईनाशी झाली. तार नसलेलीं तीं दोन इवलीं यंत्रें कानांत घालून ती रात्रीं धडे ऐकत असे. आणि बदलापुराहून अंबरनाथास शाळेंत जातांना लोकलमध्यें ऐकावयास आम्हीहि तीं कधीं कधीं मागून नेत असूं.

वायर लाविली, पण दिवा लागेना. दुसरी लाविली, प्लग बदलला; सारें व्यर्थ! तेव्हां शिक्षकाच्या संवयीप्रमाणें आम्हीं प्रथम अपराधी शोधिला. “पावसांत भिजविली असशील,” असें म्हणून मुलीला दटाविलें. “नाहीं, पप्पा,” एवढेंच बोलून ती आंत गेली.

रविवारीं दुपारीं डबी घेऊन आम्ही उल्हासनगरास गेलों. दुसऱ्या महायुद्धांत जेथें सैनिकांची छावणी होती, तेथेंच १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं बराकींत संसार मांडिले. १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. मोडलेलें पुन्हां उभें करण्याची विद्या या गांवाला कोणीं शिकवावयास नको.

दुकानांतील वयस्क कारागिरांनीं डबी खोलण्याची घाई केली नाहीं. “वायर पूर्ण आंत बसते का, हें पाहिलेंत का, सर?” त्यांनीं विचारिलें. आम्हीं पाहिलें नव्हतें! त्यांनीं विजेरी धरून खांचेंत निरखिलें आणि लांकडी दांतकोरण्यानें आंत घट्ट बसलेला एक बोळा हळूच बाहेर काढिला. टांचणी कां नको, असें आम्हीं विचारितां ते म्हणाले, “धातूचें टोंक दोन पिनांस एकदम टेकलें, तर आंतला भाग जळेल.” मग स्पिरिटनें किंचित् ओल्या केलेल्या कापसानें त्यांनीं डबींतील सोनेरी टोंकें पुसलीं. घामांतील क्षार आणि दमट हवा यांमुळें तेथें कीट चढतें व इअरबडांस वीज पोंचत नाहीं. वायर लावितांच दिवा लागला.

काढलेला बोळा कागदावर होता. त्यांत निळें सूत होतें आणि खडूची पांढरी भुकटी होती. सूत आमच्या जाकिटाच्या विरलेल्या खिशाचें. आणि आमच्या घरांत खडू एकच मनुष्य हातीं धरितो.

त्या रात्रीं जेवतांना आम्हीं मुलीची क्षमा मागितली. ती म्हणाली, “वायर नीट बसत नाहीं, हें मी त्याच दिवशीं सांगणार होतें, पप्पा. पण तुम्ही रागावलां होतां.”

विद्यार्थिमित्रांनो, अशी डबी चार्ज होईना तर आधीं वायर काढून खांच पाहा. मात्र डबी फुगली असेल किंवा फार तापत असेल, तर तिला टोंचूं नका. आंत लिथियमचा घट असतो व तो पेट घेऊं शकतो. ती जाणत्याच्या हातीं द्या.

तुमच्या पालकांस व आम्हां शिक्षकांस सांगावयाचें तें निराळें आहे. गेलीं वीस वर्षें आम्ही वर्गांत उभे आहों. “नाहीं, सर,” एवढेंच म्हणून खालीं बसलेलीं कितीतरी मुलें आतां आठवतात. त्यांतील कितींना पुढें कांहीं सांगावयाचें होतें, हें आम्हीं कधीं विचारिलेंच नाहीं.