दोयांगकाठचे पाहुणे

नागालँडमधील वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण बांधले गेले आणि २००० साली तेथे ७५ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. पाणी चढले तशा लोथा नागा शेतकऱ्यांच्या सुपीक जमिनी बुडाल्या. अनेकांनी नांगर सोडून जाळे हाती घेतले. याच जलाशयाच्या परिसरात दर शरद ऋतूत, ऑक्टोबरच्या मध्यापासून सुमारे महिनाभर, अमूर ससाणे लाखोंच्या संख्येने उतरतात. ते पाहण्यासाठी जवळच्या पांगती गावी आता देशभरातून पक्षिनिरीक्षकांचे गट येतात.

हा पक्षी दुकानाच्या तराजूत दीडशे ग्रॅमच्या आसपास भरेल. नर राखी-करडा, पाय लालसर आणि पंखांखाली पांढरे अस्तर; मादीच्या पांढुरक्या पोटावर काळसर ठिपके व पट्टे. उन्हाळ्यात तो सायबेरियाच्या आग्नेय भागात आणि उत्तर चीनमध्ये पिले वाढवतो, तर हिवाळा दक्षिण आफ्रिकेत काढतो. वाटेत दोयांगकाठी थांबण्याचे कारण म्हणजे पावसाळा सरल्यावर वारुळांतून बाहेर पडणारी पंखवाली वाळवी. ससाणा हा शिकारीच पक्षी. त्याला शाकाहारी साधू ठरवण्याचे कारण नाही. पुढे अरबी समुद्र न थांबता ओलांडायचा असतो आणि त्यासाठी लागणारी चरबी तो येथे साठवतो.

पांगतीचा दिवस पहाटे चारलाच सुरू होतो. देशाच्या पूर्व टोकाला पाचच्या सुमारास उजाडू लागते. गावातील वाटाड्या पुढे, हाती विजेऱ्या घेतलेला गट मागे, असे सर्वजण निरीक्षण मनोऱ्याकडे निघतात. बोलणे बंद, भडक कपडे वर्ज्य. समोरच्या टेकडीवरील झाडे अंधारात पानांनी गच्च भरल्यासारखी दिसतात. उजेड वाढतो आणि ती पाने हलू लागतात. पाहता पाहता फांद्या मोकळ्या होतात आणि आकाश भरून जाते. दुर्बिणी आणलेले लोकही त्या क्षणी दुर्बीण खाली करतात. इतके पक्षी एका भिंगात मावतच नाहीत.

सायंकाळी हेच दृश्य उलट्या क्रमाने दिसते. सूर्यास्त साडेचारच्या आसपास होत असल्याने चौविहार पाळणाऱ्या प्रवाशांनी जेवण चारपूर्वीच आटोपून मनोरा गाठावा, हे सोयीचे. नागा स्वयंपाक मांसप्रधान आहे. मात्र आधी कळवल्यास गावातील घरांत भात, डाळ आणि पालेभाजी वेगळ्या भांड्यात मिळू शकते. नागालँडमध्ये जाण्यासाठी इनर लाइन परमिट आवश्यक आहे, तेही निघण्यापूर्वीच काढावे.

या गावाचा जुना हिशेब मात्र रक्ताचा आहे. ससाणे ज्या झाडांवर रात्री उतरत, तेथेच मासेमारीची जाळी उंच ताणली जात. २०१२ च्या हंगामात तेथे गेलेल्या निरीक्षकांनी अंदाज बांधला, तो दिवसाला १२ ते १४ हजार आणि हंगामात सव्वा लाखाच्या घरात पक्षी मारले जात असल्याचा. छायाचित्रे जगभर गेली आणि संतापाचा लोंढा उसळला. पण जमीन गेलेल्या कुटुंबाला त्या काही आठवड्यांत रोकड मिळत असे, मुलांच्या शाळेची फी भरली जात असे, ही नोंद संतापणाऱ्यांपैकी थोड्यांनीच वाचली.

वर्षभरात जे घडले ते विलक्षण होते. वनखाते, स्वयंसेवी कार्यकर्ते आणि चर्च यांनी गावकऱ्यांशी बोलणी केली. पांगती, आशा आणि सुंगरो या गावांच्या परिषदांनी शिकारबंदी स्वीकारली. २०१३ च्या हंगामात या परिसरात एकही ससाणा मारला गेल्याची नोंद झाली नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये तीन पक्ष्यांच्या पाठीवर जेमतेम पाच ग्रॅमची उपग्रह-यंत्रे बसवली गेली. त्यांची नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती. गावाचे नाव घेऊन एक पक्षी आफ्रिकेकडे निघाला, याचे अप्रूप गावाला वाटले नसते तरच नवल.

बंदी कागदावर आणण्याचे श्रेय अनेकांचे. उत्पन्न सोडले ते मात्र गावाने, आणि तेही पर्यायी मिळकत हाती येण्यापूर्वी. पर्यटनाचा पैसा महिनाभर वाहतो, तोही खोल्या असलेल्या, रस्त्याकाठच्या घरांत अधिक. ज्याने जाळे गुंडाळून ठेवले त्या प्रत्येकाच्या उंबऱ्यापर्यंत तो पोहोचतोच असे नाही. म्हणून तेथे जाणाऱ्या गटाने वाटाड्याच्या मजुरीत घासाघीस करू नये. मुक्काम दूरच्या शहरातील हॉटेलात न करता गावातच करावा, भाजी-तांदूळही तेथूनच घ्यावेत.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात दोयांगकाठची झाडे रिकामी होतात. थवे नैर्ऋत्येकडे निघून भारतीय द्वीपकल्प ओलांडतात. त्यांतील काही पक्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लोणावळ्याच्या गवताळ पठारांवर कीटक टिपताना दिसतात. तेथून पुढे समुद्र आहे.