आकाशातले देवदूत

दिवेलागण झाली की पाखरे घरट्यात परततात आणि आकाश रिकामे होते, अशी आपली बालपणापासूनची समजूत. पण कितीतरी लहान गाणारे पक्षी आपल्या लांबच्या प्रवासाला निघतात ते नेमके सूर्य बुडाल्यावर! रात्री हवा शांत व थंड असते, ससाण्याचे भय कमी असते आणि दिवस दाणापाणी टिपायला मोकळा राहतो.

मला हे कळले ते एका यंत्राच्या गोष्टीतून. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील रडारच्या पडद्यावर कधी कधी असे ठिपके उमटत की, ते ना विमान, ना जहाज. तंत्रज्ञांनी त्यांना नाव दिले 'एंजल्स', म्हणजे देवदूत. १९४५ साली डेव्हिड लॅक आणि जॉर्ज व्हार्ली यांनी 'नेचर' या नियतकालिकात लिहिले की, रडारला पक्षी दिसतात.

पुढे १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लुइझियाना राज्यात सिडनी गोथ्रो नावाच्या तरुणाने हवामानाच्या रडारकडे लक्ष वळवले. या रडारचे काम पाऊस शोधण्याचे. ते रेडिओलहरी सोडते आणि थेंबांवरून परतलेल्या लहरी टिपते. पण पक्ष्याच्या देहातही पाणीच अधिक. लहरी त्याच्यावरूनही परततात. मेक्सिकोचे आखात ओलांडून येणारे पक्षी गोथ्रोला पडद्यावर दिसू लागले. खात्रीसाठी तो दुर्बीण चंद्रावर रोखी आणि बिंबावरून सरकणाऱ्या इवल्या आकृत्या मोजी. यंत्राची साक्ष चंद्राकडून पडताळून घेणारा हा माणूस मला कवीच वाटतो!

पाऊस शोधणाऱ्याला जो कचरा, तोच पक्षी शोधणाऱ्याला खजिना. मात्र रडार नाव सांगत नाही. किती, कोणत्या दिशेला, किती उंचावरून, एवढेच सांगते. आणि त्याचा हिशेब सुखाचा नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २००७ ते २०१७ या काळात अमेरिकेतील वसंत ऋतूच्या रात्रींत उडणाऱ्या पक्ष्यांचे एकूण वजन सुमारे १४ टक्क्यांनी घटले. जे कधी डोळ्यांना दिसलेच नाही, ते सरत चालल्याचे दुःख कोणी करायचे?

आता त्याच रडारच्या आधारे आज रात्री किती पक्षी येतील याचा अंदाज वर्तवला जातो आणि शहरांना दिवे मालवण्याची विनंती केली जाते. कारण उजेड वाटसरूंना भुलवतो. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोत एकाच इमारतीच्या काचांवर आपटून जवळजवळ हजार पक्षी मेले. २०२४ साली त्या काचांवर बारीक ठिपके चिकटवले गेले आणि मृत्यू एकदम कमी झाले.

माणसाला पक्षी कळावेत म्हणून पडद्यावर ठिपके. पक्ष्याला माणसाची भिंत कळावी म्हणून काचेवर ठिपके. परस्परांची भाषा न जाणणाऱ्या दोन जीवांत एवढा पत्रव्यवहार झाला, हेही थोडे नव्हे. आपल्याकडून उत्तर म्हणून निदान एक दिवा मालवायला काय हरकत आहे?