टिकलीचं बिऱ्हाड

टिकली आमच्या सौंसरच्या घरी आली ती २०१५ मध्ये, नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन बंद झाली त्याच वर्षी. बाबांनी नागपूरहून आणली तेव्हा बोटाच्या दोन पेरांएवढी होती. ऑस्कर जातीचा मासा, मूळचा अमेझॉनच्या खोऱ्यातला. शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका आणि त्याभोवती संत्र्याच्या सालीच्या रंगाचं कडं, म्हणून नाव टिकली. ऑस्करमध्ये नर-मादी वरून ओळखू येत नाही. बाबा ‘पोरगी’ म्हणाले आणि तेच कायम झालं.

दोन वर्षांत ती फूटभर वाढली. सोबतचे चारही मासे तिने एकेक करून गिळले. मग बाबांनी तिच्या एकटीसाठी पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी करवून घेतली, बारा मिलिमीटर काचेची. बाबा दारात दिसले की ती काचेशी येऊन सबंध अंग हलवायची. संत्र्याच्या बागेतलं गांडूळ त्यांच्या बोटांतून अलगद घ्यायची. मी पुढे केलं तर ढुंकून बघायची नाही. जेवायला उशीर झाला की तोंडात खडे घेऊन काचेवर टाकायची; तो टकटक आवाज स्वयंपाकघरापर्यंत येई.

५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा जिल्हा झाला आणि माझी बदली तिकडे झाली. फेब्रुवारीत बिऱ्हाड हलवायचं ठरलं. बाबा एवढंच म्हणाले, “पोरगी येत असेल तर मी येतो.”

ती टाकी काठोकाठ भरली तर साडेपाचशे लिटर पाणी, म्हणजे साडेपाच क्विंटल. रिकामी काचच क्विंटलभराची. सौंसर छिंदवाड्याच्या लाईनवर, पांढुर्णा इटारसीच्या; जायचं ते सडकेनेच. सामान हलवणाऱ्या एकाने बारा हजार सांगितले, वर काच तडकली तर जबाबदारी आमची. शेवटी माल टाकून पांढुर्ण्याला रिकामा परतणारा एक पिकअप अठराशेत मिळाला. हमाल चौघेही ओळखीचे होते.

निघायच्या आधी दोन दिवस टिकलीला उपास घडवला. बंद ड्रममध्ये माशाचा जीव जातो तो त्याच्याच अंगातून सुटणाऱ्या अमोनियाने. पोट रिकामं असलं की तो कमी सुटतो. इकडे आईने घर आवरता आवरता फिल्टरचा स्पंज नळाखाली धरला होता. बाबा एवढ्या जोरात ओरडलेले मी कधी ऐकले नव्हते. त्या काळ्या, बुळबुळीत स्पंजातच अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात. क्लोरीनने ते मरतात, वाळूनही मरतात आणि नवी वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. बाबांनी स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवला, बादलीवर झाकण ठेवलं आणि पांढुर्णा येईपर्यंत ती बादली मांडीवरून खाली ठेवली नाही.

जाळीत पंख फाटतील म्हणून टिकलीला टबानेच उचलून निळ्या ड्रममध्ये सोडलं. अर्धा ड्रम जुनं पाणी, झाकणाला भोकं, आत सेलवर चालणारा हवेचा पंप. टाकीतला खडा न् खडा काढला. खड्यांसकट उचलली तर तळाची काच सुटते. बुडाखाली फळी घालून चौघांनी ती उचलली. गाडीत तणीस, त्यावर प्लाय, त्यावर थर्माकोल आणि चारी कोपऱ्यांना आईच्या गोधड्या. रस्त्यात खड्डा आला की बाबा ड्रायव्हरला म्हणत, “हळू बापा, हळू.”

नव्या घरात गवंड्याने स्टँडवर पाणसळ ठेवून पाहिली, तर एक बाजू उतरलेली. स्टँड समतल केल्याशिवाय बाबांनी टाकी चढवू दिली नाही. भार एका सांध्यावर आला की तोच सांधा फुटतो. अर्धं जुनं पाणी आणि अर्धं आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, असं घालून टिकलीला सोडलं.

ती तळाशी गेली आणि कुशीवर आडवी झाली.

“गेली का हो?” एका हमालाने हळूच विचारलं. बाबांनी तिच्या कल्ल्याकडे बोट दाखवलं. कल्ला संथपणे उघडत होता, मिटत होता. “रुसली आहे. जागा बदलली की ऑस्कर असाच पडून राहतो,” असं म्हणून ते समोर खुर्ची टाकून बसले. दोन दिवस ती हलली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी गांडूळ पाण्यात धरलं. तिचा वरचा डोळा आधी फिरला, मग छातीचे पंख हलले. ती सावकाश सरळ झाली, वर आली आणि बोटांतून गांडूळ घेऊन गेली. बाबा बराच वेळ ओला हात तसाच धरून उभे होते.

पुढच्या हिवाळ्यात, जानेवारी २०२५ मध्ये, टिकली गेली. बाबांनी तिला सौंसरला नेऊन बागेतल्या संत्र्याखाली पुरलं.

टाकी अजून भरलेली आहे, फिल्टरही चालू आहे. रोज संध्याकाळी बाबा तिच्या डब्यातले चार दाणे पाण्यात टाकतात. एकदा मी विचारलं, “बाबा, आता कोणासाठी?”

“त्या स्पंजातल्या लेकरांना खायला नको का?” ते म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.