मिरजेत गवसलेला सूर

आम्हां डॉक्टरांना मिरज ठाऊक असते ती रुग्णालयांचे गाव म्हणून. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशन रुग्णालय सुरू केले, तेव्हापासूनची ही ओळख. परंतु याच गावात पिढ्यानपिढ्या तंबोरे घडत आले आहेत; २०२४ मध्ये येथील सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. गेल्या हिवाळ्यात मी मिरजेला गेलो तो मुलगा म्हणून. सोबत माझी ८२ वर्षांची आई होती आणि चार वर्षे मुका पडलेला तिचा तंबोरा.

आईला स्मृतिभ्रंश आहे. वाटभर "घर कधी यायचं?" हा एकच प्रश्न ती विचारीत होती. सतारमेकर गल्लीत वाळलेले भोपळे आणि लाकडाचा भुसा यांच्यामध्ये आम्ही बसलो. कारागीर घोडी घासून जवारी काढीत होते. आई पदराचे टोक पिळीत होती. तारा छेडल्या गेल्या आणि तिची बोटे थांबली. थोड्या वेळाने ती स्पष्ट म्हणाली, "दादा, पंचम उतरलाय." कारागिरांनी कान लावला, खुंटी पिळली. "बरोबर आहे, आजी." मग ती कितीतरी वेळ मंद षड्ज धरून बसली.

अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी झिजतो. तरुणपणी मुरलेले सूर मात्र मेंदूत अनेक ठिकाणी रुजलेले असतात व पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात. संगीताने हा आजार बरा होत नाही, औषधे बंद करू नयेत; पण मनाची खिन्नता उणावण्यास त्याचा हातभार लागतो.

घरी तंबोरा हवाच असे नाही. रुग्णाच्या तरुणपणीची गाणी, भजने, ओव्या निवडाव्यात. दूरदर्शन बंद करावे, आवाज बेताचा ठेवावा. एका वेळी २०-३० मिनिटे पुरेत. श्रवणयंत्र असल्यास आधी तपासावे. आंघोळीपूर्वी किंवा दिवेलागणीच्या अस्वस्थ वेळी हे करून पाहावे आणि आपणही गुणगुणावे. चिडचिड वाढली, रडू आवरेना, तर गाणे थांबवून नुसता हात हाती घ्यावा.

परतीच्या वाटेवर आईने मला विचारले, "तुम्ही कोण?" मी नाव सांगितले, तिला ते पटले नाही. आता रोज संध्याकाळी तंबोरा माझ्या हाती असतो. माझे नाव तिला अजून आठवत नाही. पंचम उतरला, तर मात्र लगेच सांगते.