गाडीच्या पोटांतील वीज

वार्षिकांकासाठीं "एखाद्या शास्त्रीय विषयावर, पण सर्वांस समजेल असें" कांहीं लिहून द्यावें असा संपादकमंडळाचा निरोप आला, तेव्हां विजेच्या मोटारीवर घरांतील उपकरणें स्वस्तांत कशीं चालवावीं हा विषय मीं मोठ्या उत्साहानें सुचविला. लिहावयास बसलों आणि उत्साह ओसरला. या विषयांत माझ्या हातून जी चूक घडली ती वगळून लेख लिहिला तर तो माहितीपर होईल, खरा होणार नाहीं. आणि ती सांगावी तर ज्या वर्गाला मी गेलीं अठरा वर्षें विद्युच्छास्त्र शिकवीत आहें त्या वर्गासमोर पुन्हां कोणत्या तोंडानें उभें राहावें, हा प्रश्न. शेवटीं सांगावयाचेंच ठरविलें.

दोन वर्षांपूर्वीं मीं कर्ज काढून विजेची मोटार घेतली. प्रवरेकांठच्या ज्या गांवीं आम्ही राहतों तेथून शाळा बावीस किलोमीटर, व पेट्रोल शंभरी ओलांडून बसलेलें. गाडीबरोबर एक लहानसें उपकरण मिळालें. गाडींत वीज भरण्याचें जें तोंड असतें त्यांतच तें बसवावयाचें, कीं त्याच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटांतून घरच्यासारखी २३० व्होल्टची वीज बाहेर येते. सुमारें तीन किलोवॅटपर्यंतचा भार तें सोसतें. बॅटरींत ४५ युनिट वीज मावते. एक युनिट म्हणजे हजार वॅटचें उपकरण एक तास चालण्याइतकी वीज, हें विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. आमच्या घरीं रोज आठ-नऊ युनिट लागतात, आणि त्यांतील पांच-साडेपांच आईच्या प्राणवायूच्या यंत्रासाठीं. आईचीं फुप्फुसें दुबळीं झालीं आहेत. दिवसांतून पंधरा-सोळा तास तें ३५० वॅटचें यंत्र तिच्या खाटेशेजारीं घरघरत असतें. तेव्हां पांच दिवसांचें घर गाडीच्या पोटांत बसतें, असा हिशेब मनांत उभा राहिला व मी हरखून गेलों.

पण हिशेबाची वही उघडली तशी हर्षाची धार बोथट झाली. गाडींत वीज भरतांना ती एका रूपांतून दुसऱ्या रूपांत जाते, व बाहेर काढतांना पुन्हां उलट. या जा-ये मध्यें दहा युनिटांपैकीं दीड-दोन युनिट उष्णतेच्या रूपानें वाटेंतच नाहींशीं होतात. एकाच मीटरची वीज एकाच भावानें घेऊन ती गाडींतून फिरवून आणणें म्हणजे विहिरीचें पाणी गळक्या बादलीनें दोनदां ओढण्यासारखें आहे. इंग्लंडांत कांहीं कंपन्या मध्यरात्रीनंतर दिवसाच्या भावाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शानें वीज देतात. तेथें रात्रीं भरून दिवसा वापरणारा खरोखरच पैसे वांचवितो. आपल्याकडे नव्या मीटरांबरोबर घरगुती ग्राहकाला दिवसाच्या वेळेसाठीं जी सवलत देऊं केली गेली ती युनिटामागें रुपयाच्या आसपास. आमच्या बिलांत शंभर युनिटांपुढील युनिट दहा रुपयांच्या वर पडतें. गळतीच त्या सवलतीहून मोठी. शिवाय त्या स्वस्त वेळीं आमची गाडी शाळेच्या आवारांत चिंचेखालीं उभी असते.

"मग शाळेंतच भरून घ्या कीं! छपरावर सौरपट्ट्या आहेत. फुकट न्यायची आणि घरीं जाळायची," असें एका सहकारी बंधूंनीं सुचविलें. त्यांनीं तें थट्टेनें म्हटलें असावें. मीं मात्र तो विचार जवळजवळ आठवडाभर मनांत बाळगला, हें कबूल करतों. ज्याच्या घरीं छपरावर स्वतःच्या सौरपट्ट्या आहेत व दुपारीं गाडी दारांत असते त्याचा हिशेब निराळा. त्याला ही युक्ति खुशाल फळेल.

स्वस्त आणि महाग हे शब्द कशाच्या तुलनेनें म्हणावयाचे, हें मला जपानच्या हकीकतीनें दाखविलें. ११ मार्च २०११ रोजीं तेथें महाभूकंप व समुद्राची लाट आली. त्यानंतर कित्येक ठिकाणीं वीज लौकर परत आली, परंतु पेट्रोल मिळेना. अशा वेळीं निस्सान कंपनीच्या 'लीफ' नांवाच्या विजेच्या मोटारी त्या भागांत मदतीच्या कामीं धांवल्या. त्यावरून तेथील लोकांच्या मनांत आलें कीं, या गाडींत सांठलेली वीज घराला कां देऊं नये? पुढच्याच वर्षीं, २०१२ मध्यें, त्या गाडीच्या २४ युनिटांच्या बॅटरीवर सबंध घर चालविण्याचें यंत्र तेथें विक्रीस आलें. साधारण जपानी कुटुंबाला ती वीज दोन दिवस पुरेल असें सांगत. त्याच वर्षीं मित्सुबिशी कंपनीनेंही आपल्या लहान मोटारीसाठीं १५०० वॅटची पेटी काढली. २०१९ च्या सप्टेंबरांत चिबा प्रांतांत चक्रीवादळानें वीज दीर्घकाळ गेली, तेव्हां अशाच मोटारी विजेच्या पुरवठ्यासाठीं पाठविण्यांत आल्या. तेथें तुलना मीटरच्या विजेशीं नव्हती, काळोखाशीं होती.

गेल्या वर्षीं मेच्या अखेरीस ती तुलना आमच्याही दारीं आली. सोमवारीं संध्याकाळीं वळवाचा पाऊस आला. वाऱ्यानें वाड्यापुढचें कडुनिंबाचें झाड विजेच्या तारांसकट रस्त्यावर आडवें केलें. गांव काळोखांत बुडालें, व गाडी बाहेर काढण्याची वाटही बंद झाली. घरच्या इन्व्हर्टरवर यंत्र तीन-साडेतीन तास चालतें. दहाच्या सुमारास तो कुरकुरूं लागला, तेव्हां खिडकींतून लांब वायर टाकून मीं यंत्र गाडीला जोडलें. पडद्यावर ४६ टक्के असा आंकडा होता. आदल्या दिवशीं लग्नासाठीं लांबवर जाऊन आलों होतों, नाहींतर अधिक असता. रस्ता मोकळा होतांच इस्पितळ गांठतां यावें म्हणून २० टक्के राखून ठेवावयाचे; म्हणजे हातीं सुमारें बारा युनिट, व गळती वजा जातां दहा. यंत्राची घरघर सुरू झाली, आईचा श्वास संथ झाला, आणि आम्हीं सर्वांनीं मिळून प्रार्थना केली.

येथेंच थांबलों असतों तर बरें होतें. पण स्वयंपाकघरांत फ्रिज होता, आईच्या खोलींत पंखा हवा होता, आणि जिकडेतिकडे वायरी लोळत होत्या. मला एक 'युक्ति' सुचली. दोन्ही टोकांना पिनटॉप असलेली एक वायर मीं कंदिलाच्या उजेडांत तयार केली. एक टोक गाडीला, दुसरें व्हरांड्यांतील सॉकेटला. मेन स्विच आधीं बंद केला होता. सबंध घर उजळलें. विज्ञानाचा पदवीधर असल्याचा अभिमान त्या रात्रीं जितका वाटला तितका पदवीदानाच्या दिवशींही वाटला नव्हता.

पहाटे चारला अर्धवट झोपेंत वाटलें, वीज आली कीं काय पाहावें. उठलों आणि मेन वर केला. क्षणांत सगळें विझलें. आईच्या यंत्राचा इशाऱ्याचा भोंगा वाजूं लागला. गाडींतच कांहीं बिघाड झाला असें समजून मेन पुन्हां खालीं ओढला, गाडी बंद करून चालू केली. दोन-तीन मिनिटांनीं वीज आली. तीं मिनिटें आई माझ्या खांद्याला धरून बसली होती, एक शब्द न बोलतां. नक्की काय झालें याचा विचार मीं त्या वेळीं केला नाहीं.

सकाळीं सात वाजतां वायरमन आला. तो आमच्याच शाळेचा विद्यार्थी. दहावीला माझ्याच वर्गांत होता. खांबाकडे जाण्याआधीं तो आमच्या व्हरांड्यांतील जळता दिवा पाहून दारांत थांबला.

"सर, लाइन बंद आहे. दिवा कसा काय?"

मीं मोठ्या कौतुकानें त्याला वायर दाखविली. त्यानें ती पाहिली मात्र, त्याचा चेहरा उतरला. प्रथम आईच्या यंत्राला थेट वायर दिली, मग दोन्ही टोकें स्वतःच्या हातानें काढलीं, आणि मग म्हणाला, "सर, ट्रान्सफॉर्मर तुम्हींच शिकवला ना आम्हांला? वरून अकरा हजार देतात, खालीं दोनशें तीस मिळतात. खालून दोनशें तीस दिले, तर वरून किती निघतील?"

हा प्रश्न मीं चांचणी परीक्षेंत किती वेळां घातला असेन! उत्तर मला येत होतें. तें तोंडांतून निघेना.

मग त्यालाच मीं पहाटेची गोष्ट सांगितली. मेन वर होतांच माझ्या गाडीची वीज उलटी खांबावर गेली होती. शेजारच्या घरांचा भार पेलेना म्हणून गाडीनें हात टेकले, एवढेंच. झाडानें तार आमच्या घराच्या पलीकडे तोडली असती तर तो भारही नसता; तार तशीच जिवंत राहिली असती, आणि ती मेलेली आहे असें समजून कोणी हात घातला असता. "आम्ही चढण्याआधीं तपासतों, अर्थिंग लावतों," तो म्हणाला. "पण घाई असते, सर. पाऊस असतो." रागावला असता तर मला सोपें गेलें असतें. त्यानें पक्कड काढली, वायरीचा एक पिनटॉप छाटून खिशांत टाकला, आणि तो खांबाकडे गेला.

त्या दिवशीं फ्रिज बंद ठेवला. एक यंत्र, एक पंखा व एक दिवा, एवढेंच लांब वायरीवर चाललें. संध्याकाळीं शेजारची मंडळी मोबाइल भरून मागावयास आली. ३० टक्के उरले होते. मी दारांत घुटमळलों. आंतून आईचा आवाज आला, "दहा कुमारींच्या गोष्टींतलं तेल मोजतोस होय रे?" शहाण्या कुमारींनीं तेल दिलें नव्हतें, हें तिला चांगलेंच ठाऊक आहे, उलट अर्थ काढण्याचा हक्क वयानें मिळतो असें ती मानते. मोबाइल भरावयास युनिटाचा अगदीं लहानसा हिस्सा लागतो. चौदा मोबाइल भरले. बुधवारीं सकाळीं साडेसातला वीज आली तेव्हां पडद्यावर २२ हा आंकडा होता.

पुढें परवानाधारक वायरमनकडून चेंज-ओव्हर स्विच बसवून घेतला. त्याचा दांडा एका बाजूस असतां घर खांबाशीं जोडलेलें, दुसऱ्या बाजूस असतां गाडीशीं. दोहोंशीं एकदम जोडणें शक्यच नाहीं. विद्यार्थ्यांपैकीं कोणाच्या घरीं जनरेटर वा अशी गाडी असेल त्यांनीं आजच जाऊन पाहावें कीं असा स्विच आहे कीं नाहीं, व नसेल तर वडिलांच्या मागें लागावें. आणि दोन पिनटॉपांची वायर दिसली तर तिचें एक टोक तोडावें. रागावलें कोणी, तर माझें नांव सांगावें.

खर्चाचेंही सांगतों. लहान पेट्रोल जनरेटर एका लिटरांत दीड-दोन युनिट वीज देतो, म्हणजे युनिटाला पन्नास ते सत्तर रुपये पडले. गाडींतील तेंच युनिट, गळती धरूनही, पंधराच्या आंत. वर्षभरांत चार वेळां गाडीवर घर चाललें. बाकीचे दिवस मीटरचीच वीज स्वस्त.

नाताळच्या फराळाला तो वायरमन आला होता. त्याच्या हत्यारांच्या पिशवींत तो छाटलेला पिनटॉप तसाच होता. मीं त्याविषयीं विचारलें नाहीं, त्यानेंही कांहीं सांगितलें नाहीं. आई नाकांतली नळी सांवरीत त्याच्यासाठीं करंज्या बांधीत होती.