पैकीच्या पैकी गुणांचा आठवडा



मंदिरात भेटलं की बऱ्याच जणी विचारतात, "ताई, तुमचा तो मोबाईलवरचा कोर्स झाला का?" झाला नाही. अर्धा झाल्यावर सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून धरला. का, ते आज सांगते. सांगताना थोडी लाज वाटते, पण आपल्यात काय लपवायचं?

मी बी.कॉम. झाले तेव्हा अमरावतीची कॉलेजं नागपूर विद्यापीठाखाली होती. आपलं अमरावती विद्यापीठ १९८३ साली झालं. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद सगळं शिकले आणि लग्न होऊन अकोल्याला आले. दुकानाच्या वह्या घरातच असायच्या, पण त्यांना हात लावायचं कधी कामच पडलं नाही. मी लिहिला तो दुधाचा आणि किराण्याचा हिशेब. परवा नातू म्हणाला, "आजी, तू कॉमर्सची ना? मग मला बॅलन्सशीट समजावून दे." मला धड सांगता येईना. चाळीस वर्षांत पदवीचा कागद जपला, विद्या मात्र गेली.

मुलीने 'स्वयम'वर नाव नोंदवून दिलं. केंद्र सरकारने हे २०१७ च्या जुलैत सुरू केलं. त्यावर शाळेपासून पदव्युत्तरपर्यंतचे कोर्स आहेत. हिशेब, इतिहास, संस्कृत, शेती, मानसशास्त्र, जे पाहिजे ते. त्यातले पुष्कळ आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीच्या 'एनपीटीईएल'चे असतात. शिकायला पैसा लागत नाही, वय कोणी विचारत नाही. प्रमाणपत्र हवं असेल तरच फी भरून केंद्रावर परीक्षा द्यायची. मी पाहिलं तेव्हा ती हजार रुपये होती. व्याख्यानं बहुतेक इंग्रजीत असतात, पण थांबवून, मागे नेऊन, हळू करून ऐकता येतात. काहींचं मराठी भाषांतरही मिळतं.

मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "काहून व, आता नोकरीले जायचं आहे का? कायले डोकं शिणवते?" मी हसले आणि बारा आठवड्यांचा हिशेबाचा कोर्स घेतला. आपलं जेवण दिवस मावळायच्या आत होतं. मागचं आवरलं की सामायिक, आणि नंतर एक तास माझा.

दोन आठवडे छान गेले. तिसऱ्या आठवड्यात घसाऱ्याचा धडा आला आणि घरात पाहुणेही आले. स्वाध्यायाचे प्रश्न सोडवायची मुदत त्याच रात्री संपत होती. एका ओळखीच्या मुलीने मोबाईलवर उत्तरं पाठवली, "काकू, सगळे असंच करतात." मी उतरवून काढली. पैकीच्या पैकी गुण! चौथ्या आठवड्यात पाहुणे नव्हते, तरी तेच केलं.

त्याच सुमारास परीक्षेची फी भरायची मुदत जवळ आली. त्या संध्याकाळी सामायिकाला बसले आणि आलोचना करताना मन तिथेच अडकलं. अचौर्य व्रताचे अतिचार आपण सगळ्यांनी पाठ केलेत. दुसऱ्याने चोरून आणलेलं घेणं हा अतिचार. खोटा माल खरा म्हणून खपवणं हाही अतिचार. मी दोन्ही केले होते. दुकानात कोणी भेसळीचं तूप दिलं तर मी परत पाठवते, आणि इथे स्वतःच भेसळ केली.

मनात पळवाट आली. बारातले चांगले आठ आठवडेच धरतात, त्यांचे पंचवीस गुण, परीक्षेचे पंचाहत्तर. दोन आठवड्यांनी काय फरक पडतो? मग हिशेब मांडला. पैकीच्या पैकी मिळाले म्हणजे ते दोन आठवडे त्या आठांत येणारच. प्रमाणपत्रावरून ते वेगळे काढता आले नसते.

हिशेबात चुकीची नोंद खोडत नाहीत, दुरुस्तीची नोंद घालतात. मी फी भरली नाही. उरलेला कोर्स ऐकला आणि जानेवारीत तोच पुन्हा लागला तेव्हा नव्याने नाव घातलं. मुलगी म्हणाली, "आई, कोण पाहतंय?" तिला काय सांगायचं? मी पाहत होते.

मैत्रिणींनो, स्वाध्यायाचे पाच प्रकार आठवा. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. कोर्स आपल्याला वाचना देतो, प्रश्न विचारायला जागाही देतो. पण ऐकलेलं मनात घोळवणं, पुन्हा पुन्हा म्हणणं आणि दुसऱ्याला सांगणं हे आपलं आपल्यालाच करावं लागतं. उतरवलेल्या उत्तरात यातलं काहीच नसतं.

आपल्या अमरावतीचीच गोष्ट घ्या. षट्खंडागमाची धवला टीका शतकानुशतकं मूडबिद्रीच्या ताडपत्रांत बंद होती. किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी ती संपादित करून हिंदी अनुवादासह छापायला घेतली. पहिला खंड १९३९ साली अमरावतीहून निघाला, आणि सोळा खंड पुरे व्हायला जवळजवळ वीस वर्षं लागली. त्यामुळे ज्याचं दर्शनही दुर्मीळ होतं ते घरी बसून वाचता येऊ लागलं. चार दानांत शास्त्रदान का मोजतात ते यावरून कळतं. आयआयटीच्या वर्गाचं दार उघडलं, तेही मला तसंच दान वाटतं. दान घेणाऱ्याचीही काही पात्रता लागते ना?

आता मंडळातल्या दोघी माझ्याबरोबर आहेत. बुधवारी दुपारी आमच्याकडे बसतो. एकीने धडा सांगायचा, दुसरीने शंका काढायची. उत्तरं मात्र जिची तिने आपापल्या घरी लिहायची. या वेळी घसाऱ्याच्या आठवड्यात मला साठ टक्के मिळाले. नातवाला तो धडा समजावला, आणि त्याला समजला.

परीक्षा एप्रिलमध्ये आहे, वऱ्हाडच्या उन्हात. फी भरली आहे. तुम्हीही आवडीचा एखादाच विषय घ्या आणि बारा आठवड्यांचा नियम म्हणून घ्या. नियम घेतला की आपण मोडत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.